बेअरिंगला ग्रीस किती?

मोशीला मामांच्या घरी फ्रिजच्या दारावर एक चेकशीट चिकटवलेली आहे. रकाने पाच : तारीख, डावी, उजवी, रंग, सही. दर पंधरा दिवसांनी एक ओळ भरलेली, एकही तारीख चुकलेली नाही. मागच्या गुरुवारी मी ती पहिल्यांदा नीट वाचली. ती गोट्याच्या गुदग्रंथींची आहे हे लक्षात आलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

गोट्या हा त्यांचा ६ वर्षांचा पग. मामा २२ वर्षं भोसरी एमआयडीसीत होते, आता चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतात. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि गेली १० वर्षं कुत्री-मांजरं तपासते. त्या दिवशी आमचं बोलणं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चाललं. ते इथे मांडते आहे, कारण हा विषय लोक दवाखान्यातही आवाज खाली करून काढतात. "डॉक्टर, जरा मागच्या बाजूचं..." एवढं म्हणतात आणि थांबतात. त्या संकोचापायी मुकं जनावर कित्येक दिवस दुखणं अंगावर काढतं.

मी : मामा, दर पंधरा दिवसांनी कशासाठी?

मामा : प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. रोज सकाळी खालचा कॉक उघडून ते काढावं लागतं, नाहीतर ते लाइनीत जातं आणि पुढचे सिलिंडर गंजतात. हे तसंच. गेल्या वर्षी हा हॉलभर बूड घासत फिरायचा. तुझी मामी म्हणाली, घरात सुकट कुणी आणली? ग्रूमिंगच्या मुलाने शेपटी उचलली, दोन बोटांनी दाबलं, चिळकांडी उडाली. संध्याकाळी हा शांत झोपला. तेव्हाच मी ठरवलं, परत ब्रेकडाउन होऊ द्यायचा नाही.

मी : टाकीतलं पाणी टाकीला नको असतं. हा स्राव शरीराने मुद्दाम साठवलेला असतो.

मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी धरली, तर ४ आणि ८ या आकड्यांपाशी कातडीखाली दोन पिशव्या असतात. लहान कुत्र्यात वाटाण्याएवढ्या, मोठ्यात द्राक्षाएवढ्या. आतला आणि बाहेरचा अशा दोन गोल स्नायूंच्या मधे त्या बसलेल्या असतात, आणि प्रत्येकीची एक बारीक नळी गुदद्वाराच्या कडेला उघडते. शी घट्ट असली की बाहेर पडताना तिचा दाब या पिशव्यांवर येतो आणि थेंबभर स्राव शीवर उतरतो. प्रत्येक कुत्र्याचा हा वास वेगळा असतो. दोन कुत्री भेटली की आधी एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, ते कोण कुठला हे विचारणं असतं. अमेरिकेतल्या स्कंक नावाच्या प्राण्याने याच पिशव्यांचं हत्यार केलं आहे, शत्रूच्या तोंडावर तो लांबून पिचकारी मारतो. आपलं कुत्रंही घाबरलं की पिशव्या एकदम रिकाम्या करतं. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री सोफ्याला जो वास येतो, तो पुष्कळदा हाच.

मी : तुमच्या नव्या कॉम्प्रेसरला ऑटो-ड्रेन आहे ना? मग रोज कॉक उघडायला कुणी जातं का?

मामा : ऑटो-ड्रेनही चोक होतो, बाळा. म्हणून आम्ही टेस्टचं बटण दाबून बघतो. बघितलंच नाही तर कळणार कसं?

या मुद्द्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आम्ही डॉक्टर मंडळी "घरी हात लावू नका" असं सरसकट सांगतो, आणि मग लोक बघायचंही सोडून देतात. मामी इतका वेळ भोपळा चिरत ऐकत होती. ती राजगुरुनगरची.

मामी : आमच्या घरी चार कुत्री होती. कुणी कधी त्यांची शेपटी उचलली नाही. काही झालं नाही त्यांना.

मी : झालं असेल तरी कुणाला कळलं नसेल, मामी. खळ्यात एखादं कुत्रं चार दिवस गप्प पडून राहिलं, तर त्याची कुणी नोंद केली का? पण तुझं अर्धं खरं आहे. ती कुत्री रानभर पळायची, अंगाने सडसडीत होती. बहुतेक कुत्र्यांच्या या पिशव्यांना जन्मभर कुणाच्या बोटाची गरज लागत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पाने ब्रिटनमधल्या लाखभर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, २०२१ मध्ये तो अभ्यास आला. वर्षभरात ४.४ टक्के कुत्र्यांना ही तक्रार झाली होती. बाकीच्यांचं आपोआप चाललं होतं. चपट्या तोंडाच्या जातींत प्रमाण जास्त निघालं, आणि आपला गोट्या नेमका त्यातला.

२००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो छोटा पग पोराच्या मागे धावला आणि पुढे आपल्याकडे घराघरांत पग आले. तो गोंडस चेहरा आणताना त्याच्यासोबत काय काय सांभाळावं लागेल, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

मामा : म्हणजे याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. मी तेच करतोय.

मी : लक्ष द्या. पण पिळू नका. मामा, बेअरिंगला ग्रीस किती भरता?

मामा : मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत.

मी : आणि उगीच दर आठवड्याला भरत राहिलं तर?

मामा : तापतं. सील फुटतं. नवी पोरं हेच करतात, हातात ग्रीसगन आली की मारत सुटतात.

एवढं बोलून ते थांबले आणि चेकशीटकडे बघत राहिले. मी पुढचं हळू आवाजात सांगितलं. पिशवीचं अस्तर नाजूक असतं. विनाकारण वरचेवर दाबलं की ते सुजतं, बारीक नळीही सुजते आणि आणखी अरुंद होते. स्राव निघायला वाट राहत नाही, म्हणून तो साठतो. साठला म्हणून कुत्रं घासतं, घासतं म्हणून माणूस परत दाबतो. निरोगी कुत्र्याला प्रत्येक आंघोळीच्या वेळी सवयीने दाबून द्यायची जी पद्धत पडली आहे, ती बंद व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

मामा : मान्य. पण ग्रीस न भरल्यामुळे गेलेल्या बेअरिंगाही मी पोत्याने बदलल्या आहेत.

मग मी ती शीट फ्रिजवरून काढून मांडीवर घेतली. त्यांना वाटलं मी फाडणार. पण मला त्यांच्या 'रंग' या रकान्यात काहीतरी दिसलं होतं. मार्च ते मे : 'पिवळट, पातळ'. जूनपासून उजव्या बाजूला 'करडा'. मग 'करडा, घट्ट'. शेवटच्या दोन ओळींत 'टूथपेस्टसारखा'. डावीकडे काही बदल नाही. पावसाळा सुरू झाल्यावर एक बाजू हळूहळू तुंबत चालली होती आणि ते या माणसाने तारखेनिशी लिहून ठेवलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातला एकही मालक मला हे सांगू शकत नाही. "कधीपासून?" असं विचारलं की "झाले थोडे दिवस" एवढंच उत्तर मिळतं.

मी : जूनपासून हा पाय चाटतो का?

मामी : रात्रभर. चपचप आवाज येतो.

मी : कान?

मामा : लाल आहेत. खाजवतो. ते मी या शीटमध्ये धरलं नाही, त्याचा याच्याशी काय संबंध?

मी : संबंध आहे. ही पिशवीही कातडीचीच घडी आहे. अंगाला अॅलर्जीची खाज असली की कान, पंजे आणि शेपटीखालची जागा एकदमच तक्रार करतात. आणि रात्री जेवायला काय देता?

इथे घरात शांतता पसरली. रात्री दूध-पोळी, वर तूप. दुपारी उरलेला भात. वजन काट्यावर ११ किलो ६०० ग्रॅम. पग साधारण ६ ते ८ किलोचा असावा. शी कशी होते म्हटल्यावर मामी म्हणाली, मऊ, फरशीला चिकटते. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांना दूध पुष्कळदा पचत नाही आणि त्याने शी मऊ होते. मऊ शी पिशव्यांवर दाब देत नाही, आणि चरबीमुळे तिथल्या मांसाचा ताण ढिला पडतो. मामांचं शेड्यूल अचूक होतं, पण बिघाड दुसऱ्याच ठिकाणी होता.

मी हातमोजा घालून गोट्याला तपासलं. उजवी पिशवी भरलेली होती, पण लाल किंवा गरम नव्हती. आतून बोट घालून मी ती हळूहळू रिकामी केली. मामांनी त्याचं डोकं छातीशी धरलं होतं आणि त्याच्या कानात ते काहीतरी पुटपुटत होते. तो एकदाही गुरगुरला नाही. माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर हाच कुत्रा थरथर कापतो.

मामा : हेच मला म्हणायचंय. मी ८ वाजता चाकणहून निघतो, नाशिक हायवेला ट्रॅफिक किती असतं तुला ठाऊक आहे. घरी येईपर्यंत तुमचे दवाखाने बंद. उन्हाळ्यात याला गाडीत दम लागतो. माझ्या हातात हा शांत असतो. मग मला शिकव ना. काय करू नको एवढंच सांगून काय उपयोग?

हे ऐकून माझं मत बदललं. पूर्ण बदललं नाही, पण बदललं. एखाद्या कुत्र्याला खरंच वरचेवर गरज पडत असेल, आणि त्याच्या डॉक्टरने एकदा समोर बसवून हात धरून शिकवलं असेल, तर बाहेरून पिशवी रिकामी करणं समंजस माणूस घरी करू शकतो. आतून बोट घालण्याचं काम मात्र आमचं.

मी त्यांना डाव्या बाजूवर, दाब न देता, जागा दाखवली. दोन माणसं लागतात. एकाने डोकं आणि छाती मायेने धरायची, दुसऱ्याने हातमोजे घालून शेपटी सरळ वर उचलायची. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं द्वाराच्या समोर धरायचं, तोंड बाजूला ठेवायचं. अंगठा आणि तर्जनी ४ आणि ८ पाशी, थोडी खालून आणि बाहेरून ठेवायची. तिथे भरलेली पिशवी लागली, तरच बोटं आत आणि वर, द्वाराच्या दिशेने हलकेच सरकवायची. दाब पिकलेला आंबा बघताना देतो तेवढा. दोन प्रयत्नांत आलं नाही तर थांबायचं. जोर केला तर पिशवी आतल्या आत फुटू शकते. मग कोमट पाण्याने पुसून कोरडं करायचं, हात साबणाने धुवायचे.

मामा : आणि हात लावायचाच नाही, असं केव्हा?

मी : सूज दिसली, कातडी लाल-जांभळी झाली, हात नेताच ओरडला, पू किंवा रक्त आलं, शी करताना कुंथतोय, ताप आहे, शेपटीखाली भोक पडून चिघळलंय. यातलं एक जरी दिसलं तरी दाबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. तोपर्यंत त्याला चाटू द्यायचं नाही. हळद-तेल भरायचं नाही, डेटॉल ओतायचं नाही. आणि तुमच्या फर्स्ट एड बॉक्समधली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही. माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात.

मामा : अँटिबायोटिक? पाच दिवसांचा कोर्स घरी ठेवला तर?

हा प्रश्न त्यांच्या तोंडून येणारच होता. मामा पिंपरीच्या एच.ए. कॉलनीत वाढले. आजोबा हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला हा सरकारी कारखाना, १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्या कॉलनीतल्या पोरांनी पेनिसिलिन देवाच्या पंक्तीला बसवलं असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही. आजोबांच्या पिढीने गळवाने माणसं मरताना पाहिली होती.

मी : आजोबांनी जे बनवलं ते वाया जाऊ नये म्हणूनच सांगते. नुसती तुंबलेली पिशवी अँटिबायोटिकने मोकळी होत नाही, ती रिकामी करून धुवावी लागते. गळू झालं असेल तर ते औषध लागू शकतं, पण कुठलं आणि किती दिवस हे तपासून ठरतं. घरात ठेवून अर्धवट दिलं की जंतू निगरगट्ट होतात. पुढच्या वेळी, खरंच गरज असताना, ते चालत नाही.

मामा : मग सरळ पिशव्या काढूनच टाकत का नाहीत?

मी : काढतात. वारंवार गळू होणाऱ्यांच्या. पण शी धरून ठेवणारा स्नायू आणि त्याच्या नसा तिथेच चिकटून आहेत. त्यांना इजा झाली तर कुत्रं घरभर शी गाळत फिरतं. म्हणून बाकीचं सगळं करून झाल्यावर.

जंतांचं मामीने स्वतःहून विचारलं. बूड घासणं नेहमी ग्रंथींमुळे नसतं. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. तो पिसवांमधून येतो, म्हणून जंताच्या औषधासोबत पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो.

एक गोष्ट मी त्यांना सांगायची टाळत होते, पण मग सांगितली. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक १० वर्षांचा कुत्रा आला. पाणी फार पितो, लघवी फार करतो, एवढीच तक्रार. मी साखर तपासली, मूत्रपिंडं तपासली. शेपटीखाली बोट घातलं नाही, कारण तो घासत नव्हता आणि मालकांना घाई होती. तिसऱ्या भेटीत रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं आलं, तेव्हा मी तपासलं. उजव्या पिशवीत टणक गाठ होती. या पिशवीच्या कर्करोगात कॅल्शियम असं वाढतं आणि जनावर पाणी पीत सुटतं. तोवर तो पोटातल्या गाठींपर्यंत पोचला होता. पहिल्या भेटीत एक मिनिट दिलं असतं, तर काही महिने तरी त्याच्या पदरात पडले असते. ती चूक माझी होती आणि ती मला अजून आठवते. तेव्हापासून म्हातारं कुत्रं कुठल्याही कारणाने आलं तरी मी ती तपासणी सोडत नाही. मालकांनाही सांगते : रिकामी करूनही जी गाठ जात नाही, तिच्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, ऑइलमध्ये धातूचा चुरा सापडावा तसं का ते? मी हो म्हटलं. ते म्हणाले, आमच्याकडेही आता सगळं तारखेवर चालत नाही. मोठ्या मशीनला व्हायब्रेशन बघतो, तापमान बघतो, ऑइल तपासायला पाठवतो. ठीक असेल तर उघडत नाही. मशीन उघडून बंद करण्यातच निम्मे बिघाड होतात.

मामी : भोपळा चालतो का याला?

मी : चालतो, मामी. लाल भोपळा, नुसता उकडलेला. फोडणी नाही, मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्याने कुत्र्याचं रक्त बिघडतं. रोज चमचा-दोन चमचे. नाहीतर अर्धा चमचा इसबगोल, भरपूर पाण्यात भिजवून. दूध बंद, तूप बंद. पोळी अर्धी करत महिन्याभरात बंद. भात मोजून. आणि खाजेचं औषध मी वेगळं देते, ती थांबली नाही तर भोपळ्याने काही होणार नाही.

मामी : माझे सासरे सांगायचे, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धावले. आणि तू तूप बंद म्हणतेस.

मी : नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला, मामी. या विठ्ठलाचं वजन साडेतीन किलो जास्त आहे. त्याला चालताना धाप लागते ती बघवत नाही.

मामीने तुपाची वाटी ओट्यावरून उचलून फडताळात ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने त्याला प्रेमानेच भरवलं होतं, हे मला ठाऊक आहे.

दिवे लागल्यावर मामांनी नवा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या. वजन, दर रविवारी. शी, रोज. पाय चाटणं, कान, घासणं, वास. महिन्यातून एकदा शेपटी उचलून नुसतं बघणं, न दाबता. 'पिळलं' हा रकाना त्यांनी शेवटी ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ठेवा, पण त्याच्याशेजारी 'कारण' असा एक रकाना घाला. कारण लिहिता आलं नाही तर हात लावायचा नाही. त्यांनी तो घातला.

मग पेन वर धरून ते म्हणाले, "शी घट्ट हवी म्हणतेस. घट्ट म्हणजे किती घट्ट? स्पेसिफिकेशन सांग."

मी म्हटलं, सकाळी फिरायला गेल्यावर पिशवीने उचलता ना? उचलताना आकार मोडू नये, आणि उचलल्यावर जमिनीवर डाग राहू नये.

त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं.